मस्कतहून आलेले दिवे

एक्कावन्नाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. पेणच्या ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तिथली निम्मी पोरं माझ्याच शाळेतून दहावी झालेली. मी क्लच सोडताना गाडी गचकली की मागच्या सीटवरून "बाई, हळू" असा आवाज यायचा आणि तो आवाज कुठल्या बाकावरचा हे मला बरोबर आठवायचं. माझ्या वयाची अशी एकच बाई तिथे होती, ती म्हणजे आमची शेजारीण.

तिला आम्ही सगळे भाभी म्हणतो. तिचे मिस्टर वर्षानुवर्षं मस्कतला नोकरीला, वर्षातून एकदा येतात. तिच्या दोन्ही मुलांना मी भूगोल शिकवला म्हणून ती मला बाई म्हणते. पण त्या 'बाई'च्या मागोमाग लगेच 'गो' येतो आणि सगळा मान तिथेच संपतो. लायसन्स मला पहिल्या फेरीत मिळालं. तिला नाही. परीक्षेत आठचा आकडा काढून झाल्यावर तिने खिडकीतून डोकं काढून साहेबांना विचारलं होतं, "नऊ काढून दावू?" साहेबांना ते आवडलं नाही. तेव्हापासून गाडी मी चालवायची आणि शेजारी बसून रस्ता तिने सांगायचा, असं ठरलं.

गाडी जुनी, नऊ वर्षं वापरलेली, छोटी, पांढरी. माझे यजमान रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातात, ते कंपनीच्या बसने. त्यामुळे गाडी तशी माझीच. घेताना त्यांनी इंजिन बघितलं, टायर बघितले, सीटखाली वाकून गंजही बघितला. हेडलाइट कोणी बघितले नाहीत, कारण गाडी आम्ही भर दुपारी घेतली. संध्याकाळी कळलं की पुढच्या काचा पिवळ्या पडून अगदी मोतीबिंदू झाल्यासारख्या दिसतायत. आतला दिवा लागायचा, पण उजेड बोनेटच्या पुढे यायला तयार नव्हता. एकदा तर दिवे लावलेत की नाही हे बघायला मी रस्त्यात उतरले होते.

हे भाभीने फोनवर मस्कतला कळवलं. डिसेंबरात तिचे मिस्टर आले. दरवर्षी ते आमच्यासाठी दुधाच्या पावडरचा डबा आणि अत्तराची कुपी आणतात. या वेळी त्यांनी एक काळं खोकं माझ्या हातात ठेवलं. खोक्यावर गरुडाचं तोंड होतं आणि गरुडाच्या डोळ्यांतून दोन पांढरे झोत निघत होते.

"बाई, एलईडी हायत," ते म्हणाले. "तिकडं वाळवंटात लावतात. उंट मैलावर असला तरी दिसतो."

पेण ते रोहा या रस्त्यावर मला उंट भेटणार नव्हता, पण गाई-म्हशी भेटायच्या. मी खूश झाले.

रामवाडीच्या गॅरेजवाल्याने मात्र ते बल्ब हातात घेऊन उलटेसुलटे केले आणि आमच्याकडे बघितलं. "बाई, बसतील. पण बसवू नये."

"का?"

"तुमच्या दिव्याच्या आतली ही वाटी हाय ना, चकचकीत, ती जुन्या पिवळ्या बल्बसाठी केलेली. त्याची तार जिथं पेटते तो ठिपका धरून. ह्यात हा घातला तर उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या तोंडावर जास्त. आणि कायद्यात पण नाय बसत."

"कायद्याला काय कळतं अंधारातलं?" भाभी म्हणाली. "मस्कतहून आणलेत माझ्या नवऱ्याने. आता काय परत पाठवू विमानाने?"

त्याने आणखी दोनदा समजावलं. भाभीने चारदा समजावलं. शेवटी त्याने बल्ब बसवले आणि जुने बल्ब फडक्यात गुंडाळून ठेवत म्हणाला, "हे असू दे माझ्यापाशी. लागतील." मी गॅरेजमध्येच दिवे लावून बघितले. समोरची भिंत अशी पांढरीफेक झाली की तिच्यावरची पाल पळून गेली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच शनिवारी भाभीच्या बहिणीकडे रोह्याला जेवण होतं. बहिणीने नवं घर बांधलं होतं. भाभीने सकाळपासून सांदणं केली होती, तांदळाची, नारळाच्या रसातली, लुसलुशीत. तो भला मोठा डबा मांडीवर घेऊन ती बसली आणि सव्वासहाला आम्ही निघालो. जानेवारी होता. वडखळपर्यंत अंधार पडला आणि मी दिवे लावले.

काय सांगू! रस्त्यावरचा एकेक खडा दिसायला लागला. कडेच्या झाडांची पानं मोजावीत इतकी स्वच्छ. मी आयुष्यात पहिल्यांदा अंधारात न घाबरता गाडी चालवत होते. आणि गंमत म्हणजे समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला दिवा उघडझाप करून दाखवत होती.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"दोन बायका गाडी चालवतायत म्हणून सलाम करतायत," भाभी म्हणाली. "तू पण कर."

मग मीही दिवा उघडझाप करायला लागले. एसटीवाल्याने केला, मी केला. टँकरवाल्याने लांबलचक हॉर्न पण दिला, मी छोटा दिला. एक रिक्षावाला बाहेर वाकून काहीतरी मोठ्याने ओरडला, तर भाभीने काच खाली करून त्याला "आपको भी!" असं उत्तर दिलं. आम्ही इतक्या हसत होतो की सांदणांचा डबा तिच्या मांडीवर हिंदकळत होता. आपल्याकडची माणसं किती प्रेमळ, हे मी दोनदा तरी बोलून दाखवलं.

कासूच्या अलीकडे महामार्गाचं काम चाललं होतं. एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक, आणि पुढे एका फाट्यावर गाड्या गावातून वळवलेल्या. मी फाट्याशी पोचले तेव्हा समोरून एक स्कूटर येत होती. तिचा एकुलता दिवा डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

"बघ, कसा बाजूला झाला," भाभी म्हणाली. "रस्ता दिला बिचाऱ्याने."

मी त्याच्यासाठी एक छोटा हॉर्न वाजवला आणि गावाकडे वळले.

गावात काळोख. रस्त्याच्या मधोमध माणसंच माणसं, पिवळे कपडे, हातात मोबाइलचे दिवे. आमची गाडी वळली तशी सगळी गर्दी एकदम पांढरी झाली आणि शंभर तोंडं आमच्याकडे फिरली. एकाने हात आडवे करून गाडी थांबवली. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"बाय, लाईट गेली हाय," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "डीजे लावला आन् ट्रान्सफॉर्मर जलला. पोराची हलद हाय. तुमची गारी जरा हितं लावाल का मांडवासमोर?"

मी भाभीकडे बघितलं. भाभी आधीच दार उघडत होती.

गाडी मांडवासमोर लावली, इंजिन चालू ठेवलं, आणि खरं सांगते, दिवाळीत पेणच्या बाजारात असतो त्याच्या दुप्पट उजेड पडला. पाटावर बसलेल्या नवऱ्यामुलाने डोळ्यांवर हात घेतला. बायांनी एकच कल्ला केला. डीजे बंद होता म्हणून म्हाताऱ्या पुढे आल्या आणि हळदीची गाणी त्यांनी गळ्यानेच सुरू केली. कोणीतरी ढोल आणला, कोणीतरी ताट बडवायला घेतलं. नाचणाऱ्यांच्या सावल्या मागच्या घराच्या भिंतीवर दोन-दोन मजले उंच होऊन नाचत होत्या, आणि ते लक्षात आल्यावर पोरं मुद्दाम दिव्यासमोर येऊन हात पसरायला लागली.

नवऱ्यामुलाची आई आली. तिने काही न विचारता माझ्या दोन्ही गालांना हळद लावली. "बाय गो, देवासारखी आलीस," म्हणाली. मी शाळेतली बाई, शाळेच्या संमेलनातही मी कधी नाचले नाही. त्या दिवशी मी नाचले. भाभीने तर गावातल्या बायांच्यात रांग धरली आणि दुसऱ्याच गाण्याला तिला पावलंही आली. सांदणांचा डबा कधी उघडला, कोणी उघडला, मला माहीत नाही. मी बघितलं तेव्हा एक आजीबाई तळाशी उरलेलं सांदण बोटाने सोडवत होती.

फक्त एक गोष्ट राहिली होती. नवऱ्यामुलाचा मामा नागोठण्याला गजरे आणायला गेला होता तो अजून आला नव्हता. बाया केसांवर हात ठेवून वाट बघत होत्या. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मामा आला.

साठीचा, किडकिडीत माणूस. पांढरा शर्ट, त्यावर माती. कानापासून खांद्यापर्यंत वालाचा वेल लटकलेला, त्याला शेंगा. एका हातात गजऱ्यांची पिशवी, तिच्यातूनही वालाची पानं बाहेर आलेली. स्कूटर दोन पोरं मागून ढकलत आणत होती.

"काय झालं रे मामा?"

"ट्रकने घातलं मला शेतात," मामा म्हणाला. "फाट्यावर. केवढा ट्रक! दिवे म्हणजे काय, सूर्य. मला फाटाच दिसला नाय. सरळ वालात गेलो. आणि वर हॉर्न वाजवला मेल्याने!"

मी भाभीकडे बघितलं. भाभीने पदर तोंडात घातला होता. हसू आवरायला की कशाला, ते तिला तरी कळलं असेल का कोण जाणे. सगळी संध्याकाळ एकदम मला उलटी दिसायला लागली. तो एसटीवाला, टँकरवाला, बाहेर वाकून ओरडणारा रिक्षावाला. सलाम कसला? ती सगळी माणसं डोळे मिटत मिटत मला दिवा खाली कर म्हणून सांगत होती, आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा झोत मारत होते.

मामाला पाटापाशी खुर्ची दिली. पाणी प्यायल्यावर तो डोळे चोळत म्हणाला, "अजून हिरवा डाग दिसतोय समोर. मला वाटलं, गेले डोळे." मग त्याने उजवा हात पुढे केला, बोटं पसरली आणि आमच्या गाडीच्या उजेडात ती थरथरतायत का ते बराच वेळ बघत राहिला. शेजारच्या बाईने मला सांगितलं की मामा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात असतो आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तोच करतो. बाकी रंग कोणीही देईल, डोळे मात्र त्यानेच काढायचे.

मग मला बसवेना. मी मामासमोर जाऊन उभी राहिले, गालाला हळद फासलेली तशीच.

"मामा, तो ट्रक नव्हता."

"ट्रकच होता, बाई. मी बघितला ना."

"ही गाडी होती. ही समोरची. आणि चालवत मी होते."

मामाने गाडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. भाभीकडे बघितलं, ती मागे उभी राहून कान पकडत होती. ढोलवाला थांबला.

"एवढीशी गाडी?" मामा म्हणाला.

"हो."

"मी गावभर ट्रक सांगितला."

"चूक झाली, मामा. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, ऐकलं नाही. तुमच्या डोळ्यांना काही झालं असतं तर..."

मामा उठला. खांद्यावरचा वेल त्याने काढला, त्याच्या शेंगा तोडून बहिणीच्या हातात दिल्या आणि मग त्याला हसू फुटलं. पोट धरून हसला. "आता ह्या पोरांना काय सांगू? दोन बायांनी मला वालात घातलं? ट्रकच राहू दे, बाई. मी ट्रकच सांगणार." सगळा मांडव हसायला लागला. मग तो गंभीर झाला आणि माझ्याशी एकटीशीच बोलला. "आता दिवे बंद करू नका, हळद व्हायचीय. पण हे घेऊन रस्त्याला लागायचं नाय. मी डोळ्यांवर पोट भरतो, म्हणून सांगतो. मी पडलो ते वालात. पुढं ओढ्यावरची मोरी होती."

ती मोरी मला माहीत होती. येताना आमच्याच उजेडात तिचा कठडा लख्ख दिसला होता.

हळद यथासांग झाली. गजऱ्यांतून वालाची पानं काढून बायांनी ते माळले, एक मला, एक भाभीला. वीज आली तेव्हा आम्ही गाडी तिथेच मांडवासमोर ठेवली आणि नवऱ्यामुलाच्या काकाने आम्हाला टेम्पोत बसवून पेणला सोडलं. वाटेत भाभीच्या बहिणीचा फोन आला. तीस माणसं जेवून गेली आणि सांदणं कुठायत, असं ती विचारत होती. भाभी म्हणाली, "हळदीत गेली," आणि फोन माझ्या हातात दिला. मी भूगोलाच्या बाईला शोभेल अशा आवाजात सगळं समजावून सांगितलं. बहीण म्हणाली, "तुम्ही दोघी पिऊन तर नाय ना?"

रविवारी उजेडी जाऊन गाडी आणली. सोमवारी शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. जानेवारीत असतोच, आणि दरवर्षी त्याची तयारी माझ्याकडे असते. घोषवाक्यं मीच लिहून घेतलेली. वाहतूक पोलिसातले एक हवालदार आले होते, बोलके, पोटाने मोठे. हेल्मेट झालं, सिग्नल झाला, मग त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका?

मुलांचा एकही हात वर गेला नाही. माझा गेला.

"साहेब, समजा एखाद्याने जुन्या गाडीत बाहेरून आणलेले पांढरे एलईडी बल्ब बसवले, तर?"

"चालत नाही," ते म्हणाले. "गाडी कंपनीतून ज्या दिव्यांसकट मंजूर होऊन आली, त्याच जातीचा दिवा लावायचा. नवीन गाड्यांना एलईडी असतात ना, त्यांची आतली रचनाच तशी केलेली असते, तपासलेली असते. नुसता बल्ब बदलून तसं होत नाही. पकडलं तर दंड आहे. आणि देव न करो, काही अपघात झाला तर विमावाले पहिली तीच गोष्ट बाहेर काढतात. बाजारात मिळतं म्हणून ते कायदेशीर असतं असं नाही, मुलांनो." मग ते माझ्याकडे वळले. "पण बाई, अशी गाडी आहे कोणाची?"

"आमच्या बाईंची!" अख्खी आठवी एका सुरात ओरडली.

मागच्या बाकावरचा एक जण उभा राहून म्हणाला, "साहेब, बाई दूध आणायला गेल्या की आमच्या घरात उजेड पडतो!" हवालदारांना आधी खोकला आला, मग त्यांनी रुमालात तोंड लपवलं. मुख्याध्यापिकांनी छताकडे बघितलं. मी उभी राहिले आणि मुलांना फाट्यापासून मोरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. इतकं शांतपणे त्यांनी माझं मोसमी वाऱ्यांवरचंही कधी ऐकलं नव्हतं. हवालदार जाताना हळूच म्हणाले, "उद्यापर्यंत काढा, बाई. परवा मी तुम्हाला ओळखणार नाही."

मंगळवारी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन रामवाडीला गेले. भाभी बरोबर होतीच. मामालाही मी बोलावलं होतं, तो हमरापूरहून स्कूटरवर आला. शर्टाच्या खिशात ब्रश होता.

गॅरेजवाल्याने "बघा, सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्याला कायम मानीन. मस्कतचे बल्ब त्याने काढले, जुने झटकून परत लावले. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तो त्या पिवळ्या काचा घासायला बसला. पांढरट पाणी गळत होतं आणि काच हळूहळू काच दिसायला लागली. दिव्यामागे एका वायरचा जोड खाडीच्या हवेने गंजून हिरवा झाला होता, तोही त्याने खरवडून नवा केला. "उजेड होताच की," तो म्हणाला. "बाहेर यायला वाट नव्हती."

मग दिव्यांचा रोख बसवायचा होता. गाडी भिंतीपासून लांब उभी केली. गॅरेजवाला खडूने भिंतीवर रेघ मारत होता, ती पाहून मामाला राहवेना. त्याने रंगाचा डबा मागितला, ब्रश काढला आणि एका दमात भिंतीवर आडवी रेघ ओढली. इतकी सरळ की गॅरेजवाल्याने पट्टी लावून बघितली आणि गपचूप पट्टी ठेवून दिली. दोघं मिळून स्क्रू फिरवायला लागले. "अर्धं बोट खाली." "नाय, पाव बोट." "मी डोळे काढतो." "मी दिवे लावतो." भाभी मध्येच म्हणाली, "लग्न लावून टाका दोघांचं."

अंधार पडला तसे आम्ही गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मामा पुढे चालत गेला आणि टोकाला आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. म्हणाला, हळू हळू माझ्याकडे या, दिवे खाली ठेवून. शनिवारी हाच माणूस माझ्यासमोर अंधारात नाहीसा झाला होता आणि मी हॉर्न वाजवला होता.

मी पहिल्या गिअरमध्ये निघाले. पिवळसर, मऊ उजेड रस्त्यावर पसरत पुढे गेला. आधी मामाच्या चपला दिसल्या, मग गुडघे.

"किती दिसतो मी?" तो ओरडला.

"कमरेपर्यंत!"

"डोकं?"

"नाय दिसत!" भाभी खिडकीतून ओरडली. "डोकं हाय ना जागेवर?"

"हाय! आणि तुम्ही दोघी मला दिसताय. बाई, तुम्ही स्टिअरिंग फार आवळून धरलंय."

मी बोटं सैल केली. गॅरेजवाला मागून पळत आला, तोही मामाशेजारी उभा राहिला आणि हात वर करून त्याने "बरोबर" अशी खूण केली. भाभी गाडीतून उतरली आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, तिलाही बघायचं होतं समोरून कसं दिसतं ते. तिघं ओळीने उभी, कमरेखाली लख्ख, वर नुसता हसण्याचा आवाज. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि त्या हसण्यात सामील व्हायला खाली उतरले.